लालबागचा जुना डीटीपी कॉम्प्युटर, बारा हजार रुपये आणि अकरावीतले चिरंजीव

खिळेजुळारी
शनिवार, रात्री ११.२०

नमस्कार मंडळी. मी लालबागला राहतो, डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, मंडळांची पावती पुस्तकं, वास्तुशांतीची आमंत्रणं, उत्तरकार्याची कार्डं. पंचवीस वर्षं कॉम्प्युटरसमोर बसतोय, पण डबा उघडून आत काय आहे ते कधी पाहिलं नाही. बिघडला की गल्लीतला एक पोरगा यायचा, तो आता दुबईला गेला.

अडचण अशी आहे. चिरंजीवांना शब्द दिला होता की दहावीला पंचाऐंशीच्या वर गेलास तर गेम खेळण्याजोगा कॉम्प्युटर करून देतो. माझा अंदाज ब्याऐंशीचा होता. ८७.४० पडले. निकाल मे महिन्यात लागला. मग मी पावसाळा, मग गणपती (पावती पुस्तकांच्या दिवसांत आम्हाला जेवायला फुरसत नसते), मग दिवाळी असं ढकलत आणलं. आता तो काही बोलत नाही, नुसता बघतो.

दुकानात नवीन मशीन घेतलं तेव्हा जुनं घरी आणून ठेवलं होतं. २०१५ चं बिल जपून ठेवलंय, त्यावरून उतरवतो: इंटेल आय५-४४६०, एच८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबी हार्डडिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा), साडेअठरा इंची मॉनिटर. ग्राफिक कार्ड नाही. चालू व्हायला चार मिनिटं लागतात आणि रोज सकाळी तारीख १ जानेवारी २०१४ दाखवतो.

त्याला जीटीए फाइव्ह आणि व्हॅलोरंट खेळायचं आहे. माझ्याकडे बारा हजार आहेत. त्याच्या वर जाणार नाही, कारण हिचं म्हणणं आधीच असं आहे की खोट्या गाड्या ठोकायला बारा हजार कशाला.

माझी स्वतःची एकच अट. जुन्या हार्डडिस्कला हात लागता कामा नये. तिच्यावर विंडोज ७, मराठी टायपिंगची श्रीलिपी आणि वर्षानुवर्षांच्या फायली आहेत. त्या युनिकोडमध्ये नाहीत, दुसऱ्या मशीनवर उघडल्या की 'श्री गजानन प्रसन्न'च्या जागी इंग्रजी अक्षरांचं भरीत दिसतं. अजून दर वर्षी दोन-तीन मंडळं येतात आणि 'मागच्यासारखंच काढा' म्हणतात.

एका दुकानदाराने डबा न उघडताच सांगितलं, सगळं भंगार आहे, पंचेचाळीस हजारांत नवीन घ्या. खरंच भंगार आहे का?

एफपीएस_भुक्कड
शनिवार, रात्री ११.५२

काका, आधी चिरंजीवांचं अभिनंदन. ८७ ला माझ्या बाबांनी मला घड्याळ दिलं होतं, भिंतीवरचं.

भंगार वगैरे काही नाही. सरळ रेडिऑन आरएक्स ६४०० हे ग्राफिक कार्ड घ्या. नवीन मिळेल, वॉरंटी मिळेल, ५३ वॅट खातं, वेगळी वायर लावावी लागत नाही. एक ८ जीबी रॅम टाका. काम तमाम.

सोल्डरगन
रविवार, सकाळी ९.०५

भुक्कडा, काकांना खड्ड्यात घालू नकोस.

आरएक्स ६४०० ला पीसीआय एक्स्प्रेसच्या, म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या रस्त्याच्या, फक्त चार लेन आहेत. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या बोर्डावर ते चालून जातं. एच८१ दुसऱ्या पिढीचा स्लॉट देतो, म्हणजे एका लेनला साधारण ५०० एमबी, चार लेनला २ जीबी सेकंदाला. कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. ती भरली की कार्ड रॅमकडे धावणार आणि तिथे रस्ता गल्लीएवढा. गेम मध्येच अडकणार आणि काकांना वाटणार प्रोसेसर जुना म्हणून. तेच जीटीएक्स १६५० घेतलं तर सोळा लेन, याच बोर्डावर सेकंदाला ८ जीबी. कार्ड २०१९ चं आहे, सेकंडहँड मिळतं आणि ७५ वॅटमध्ये बसतं.

काका, मी ग्रँट रोडला नऊ वर्षं असेंब्लीच्या टेबलावर काढली आहेत, आता कल्याणला घरून रिपेअरिंग करतो. तुमचा डबा भंगार नाही. आय५-४४६० ला चार कोअर आहेत, जीटीए फाइव्ह त्यावर व्यवस्थित चालतो, व्हॅलोरंट तर हलकाच आहे. पण कार्डाचं नंतर बघू. आधी दोन गोष्टी तपासून सांगा.

एक, एसएमपीएसच्या बाजूला स्टिकर असतो. त्यावर ४५० वॅट मोठ्या अक्षरांत असेल, तिकडे बघू नका. खाली छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते वाचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही त्याच रकान्यावर जगतात.

दोन, मॉनिटरच्या मागे कुठली पिन आहे? फक्त निळी व्हीजीए असेल तर नवीन कार्डाला ती थेट लागणार नाही. जीटीएक्स १० च्या मालिकेपासून पुढच्या कार्डांत व्हीजीए नाहीच, डीव्हीआय असलं तरी त्यातून व्हीजीएचा जुना सिग्नल येत नाही. एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागेल.

आणि तारीख मागे जाते ते सेल संपल्यामुळे. सीआर२०३२, नाण्याएवढा, मदरबोर्डवर दिसेल.

ठाणेकरीण
रविवार, दुपारी १.४०

थोडी वेगळी बाजू मांडते. काकांच्या चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही, इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सिक्युरिटीची चिप) लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नोंदणी केली तर सिक्युरिटी अपडेट्स अजून एक वर्ष मिळतात, पण एकच वर्ष. मग या डब्यावर बारा हजार घालण्यापेक्षा ऑफिसांतून निघालेला आय५-८५०० चा रिफर्बिश्ड डबा का घेऊ नये? सहा कोअर मिळतील. माझ्या भाच्याला आम्ही तसाच घेतला.

एफपीएस_भुक्कड
रविवार, दुपारी २.१५

ताई, तो डबा बारा-तेरा हजारांना येईल आणि त्यात ग्राफिक कार्ड नसेल. मग काकांचा मुलगा काय, एक्सेल खेळणार?

(सोल्डरगन दादा, लेनचं खरंच माहीत नव्हतं. माझ्या मित्राने तेच कार्ड घेतलंय, आता त्याला सांगू की नको?)

सोल्डरगन
रविवार, दुपारी ३.००

नको सांगूस, आनंदात असेल तर राहू दे.

ताईंचा मुद्दा विंडोजच्या बाबतीत बरोबर आहे. बजेट वीस हजार असतं तर मीही तेच सांगितलं असतं. पण तसल्या ऑफिसच्या डब्यांत बऱ्याचदा एसएमपीएस कंपनीचा स्वतःच्या मापाचा असतो, साधा बाजारातला बसत नाही. आणि कॅबिनेट पातळ असेल तर अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं, ते शोधायला वेगळी वणवण. बारा हजारांत काकांचा उभा, मोठ्या पोटाचा डबाच बरा. शिवाय कार्ड आणि एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क, तीही घ्याच) उद्या दुसऱ्या मशीनमध्ये काढून घालता येतात.

खिळेजुळारी
रविवार, रात्री १०.३०

सर्वांचे आभार. चष्मा लावून, टॉर्च धरून स्टिकर वाचला. '४५०' हा आकडा बोटभर ठशात, आणि तो एरियल ताणून लांबोडका केलेला, बघवत नाही. तक्ता सहा पॉइंटात. +१२ व्होल्टखाली १६ अँपिअर आहेत. मॉनिटरला निळीच पिन आहे, दुसरं काही नाही.

मला एक समजलं नाही. सोळा गुणिले बारा म्हणजे १९२. मग ४५० आले कुठून?

सोल्डरगन
रविवार, रात्री ११.१०

काका, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत मोजलेले असतात, त्यांचा आजच्या मशीनला फारसा उपयोग नाही. उरलेले छापणाऱ्याने दिलेत.

हिशोब करा. प्रोसेसर ८४, कार्ड ७५, बोर्ड-डिस्क-पंखे धरून आणखी पंचवीस-तीस. १९२ च्या काठावर आलात, आणि तो सप्लाय दहा वर्षं तुमच्या दुकानात राबलाय. असला सप्लाय जाताना कधी एकटा जातो, कधी बोर्डाला घेऊन जातो. तेव्हा नवीन ४५० वॅटचा, नावाजलेल्या कंपनीचा, १२ व्होल्टला तीसच्या वर अँपिअर देणारा घ्या. हातात धरून बघा, चांगला एसएमपीएस जड लागतो.

हे पैसे कार्डातून काढू नका, रॅम आणि एसएसडीतून काढा. तुमचा मॉनिटर १३६६ बाय ७६८ चा असणार. तेवढ्या चित्राला १६५० भरपूर आहे, त्याहून मोठं कार्ड म्हणजे वन रूम किचनमध्ये डबलडोअर फ्रिज. आरएक्स ५८० कोणी स्वस्तात देईल, २०२२ च्या सप्टेंबरात इथेरियम या आभासी चलनाचं मायनिंग, म्हणजे अशा कार्डांवर ते चलन कमावणं, थांबलं तेव्हापासून ती राशीने बाजारात आहेत. ते १८५ वॅट खातं आणि कुठे किती तापून आलंय देव जाणे. तुम्ही घेऊ नका.

एसएसडी २४० जीबीची पुरे. जुनी ४ जीबी रॅम ठेवा, शेजारी एक ८ जीबीची पट्टी लावा, १२ होतील. डीडीआर३ सेकंडहँडच घ्या, पण दुकानदाराला 'इंटेल बोर्डासाठी' असं सांगूनच. काही स्वस्त ८ जीबीच्या पट्ट्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, इंटेलवर स्क्रीनच येत नाही.

कार्ड दुकानातच लावून बघा. जीपीयू-झी नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, ते नकली कार्ड बऱ्याचदा पकडतं. मग कार्डाला पूर्ण ताण देणारं फरमार्क पंधरा मिनिटं चालवायला लावा. दुकानदार कुरकुरला तर पुढच्या दुकानात जा.

आणि विंडोज टाकताना जुन्या हार्डडिस्कची केबल काढून ठेवा. नुसतं 'जपून करू' म्हणू नका, केबलच काढा. नाहीतर इन्स्टॉलर बूटची फाइल जुन्या डिस्कवर नेऊन ठेवतो, मग दोघींची ताटातूट होत नाही.

ग्रँट रोडच्या कॉम्प्युटर बाजारात रविवारी जाऊ नका, बहुतेक शटर बंद असतात. आणि फास्ट लोकल पकडू नका, ग्रँट रोडला थांबत नाही.

खिळेजुळारी
पुढचा रविवार, सकाळी ११.४५

काल जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात.

करी रोडवरून चालत लोअर परळ, तिथून स्लोने ग्रँट रोड. पूर्वेला उतरून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय, ते नाव मी आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. चिरंजीव पुढे, मी मागे. शाळेत सोडायला जायचो तेव्हा उलटं होतं.

पहिल्याच दुकानात सेकंडहँड नाही, 'नया माल' म्हणून जीटीएक्स १०५० टीआय दाखवलं, ४ जीबी, खोक्यासकट ३,२००. मला वाटलं, चला, अर्ध्यात काम झालं. शिवाय कार्डाच्या मागे निळी व्हीजीए पिन होती. मी मनात कन्व्हर्टरचे पैसेही वाचवले. तेवढ्यात मुलाने शर्ट ओढला. हळूच म्हणतो, "पप्पा, खऱ्या १०५० टीआयला व्हीजीए नसतं. त्या दादांनी लिहिलंय."

मग मी खोकं हातात घेतलं. कार्डातलं मला काही कळत नाही, पण छपाईतलं कळतं. हिरव्या पट्ट्याच्या कडेला केसाएवढी पिवळी रेघ सुटलेली. रजिस्ट्रेशन हललंय, म्हणजे रंग एकावर एक नीट बसलेले नाहीत. बारीक मजकूर चार रंगांत छापलेला, त्यामुळे काळं अक्षर काळं नव्हतं, त्याला लालसर सावली होती. असं खोकं माझ्याकडे कुणी मिठाईसाठी छापून आणलं असतं तरी मी परत पाठवलं असतं. एवढ्या मोठ्या कंपनीचं खोकं असं जाईल?

मी म्हटलं, मशीनवर लावून जीपीयू-झी दाखवा. शेठने माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं, कार्ड खोक्यात टाकलं, खोकं ड्रॉवरमध्ये टाकलं आणि म्हणाला, "दुसरा दिखाता हूँ." आम्ही बाहेर पडलो. शंभर पावलं गेल्यावर चिरंजीव पोट धरून हसायला लागले. मी पण हसलो.

१६५० चौथ्या दुकानात मिळालं. सेकंडहँड, सात हजार सांगितले, ६,३०० ला तुटलं. बिल दिलं, त्यावर सिरियल नंबर लिहून घेतला, सात दिवसांची टेस्टिंग. तिथला मुलगा फरमार्कला नाही म्हणाला नाही, उलट स्टूल दिलं बसायला. पंधरा मिनिटांत ७१ डिग्रीवर स्थिर झालं. रॅमवाल्याने स्वतःच विचारलं, "इंटेल है या एएमडी?" त्यावरून माणूस बरा वाटला. ८ जीबीचे ८५०. एसएमपीएस नवीन २,६५०, खरंच जड आहे, जुन्याच्या दुप्पट. एसएसडी १,९००, कन्व्हर्टर २८०, सेल आणि थर्मल पेस्ट मिळून १५०. एकूण १२,१३०. वरचे एकशे तीस हिला सांगितलेले नाहीत.

आता घरचा प्रकार. डबा उघडला तर आत धुळीची गोधडी. आणि ती धूळ करडी नव्हती, तांबूस होती. आमचं दुकान मसाल्याच्या गल्लीच्या तोंडाशी आहे, एप्रिल-मेमध्ये दिवसभर मिरची कांडली जाते. दहा वर्षांचं तिखट प्रोसेसरवरच्या पंख्यात जाऊन बसलं होतं. मी शहाणपणाने रंगाचा ब्रश मारला. पहिला मी शिंकलो, मग चिरंजीव, मग आतून ही, मग शेजारच्या वहिनी दारात येऊन विचारायला लागल्या की फोडणीला काय टाकलंय. उरलेलं काम गॅलरीत, तोंडाला रुमाल बांधून केलं.

पंख्याखालची जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. ती पुसून नवीन लावली, वाटाण्याएवढी. सेल बदलला. जुन्या डिस्कची केबल मी स्वतः काढली आणि डिस्कसुद्धा बाहेर काढून कपाटात ठेवली, म्हटलं उगाच परीक्षा नको. विंडोज १० मुलाने टाकलं. आता वीसेक सेकंदांत चालू होतो. पूर्वी मी बटण दाबून चहा टाकायला जायचो, ती सवय मोडावी लागणार.

व्हॅलोरंट फुकट आहे, ते उतरवून झालं. जीटीए तो दिवाळीच्या ओवाळणीतून घेणार आहे.

एकच शंका उरली. जुनी डिस्क परत जोडली, चालू होताना एफ११ दाबून निवडली. विंडोज ७ उघडलं, श्रीलिपी उघडली, डोंगल (सॉफ्टवेअरची किल्ली, मशीनला लावावी लागते) ओळखला. पण पडद्यावर सगळं जाडंभरडं आणि आडवं फाकलेलं दिसतंय. मजकूर शाबूत आहे, पण अशा पडद्यावर मी मात्रा-वेलांटी कशी लावू? डिस्क बिघडली का?

सोल्डरगन
रविवार, दुपारी १२.३०

काका, डिस्क ठणठणीत आहे. विंडोज ७ ला हे कार्ड माहीत नाही, म्हणून ते कामचलाऊ चित्र दाखवतंय. एनव्हिडियाच्या साइटवर जुन्या ड्रायव्हरांत १६५० निवडा, विंडोज ७, ६४ बिट. नवीन मशीनवर उतरवून पेनड्राइव्हने न्या. विंडोज ७ नेटला जोडूच नका, त्याला आता कोणी वाली नाही.

मिरचीचं वाचून बायकोला ऐकवलं. नऊ वर्षांत मी डब्यात झुरळं पाहिली, पाल पाहिली, एकदा जपमाळ. तिखट पहिल्यांदाच.

ठाणेकरीण
रविवार, दुपारी १.०५

मी माझे शब्द मागे घेते. पण विंडोज १० ची एक वर्षाची नोंदणी आजच करून टाका. आणि कुणी व्हॅलोरंटसाठी विंडोज ११ जुगाडाने टाकायला सांगितलं तर टाकू नका. विंडोज ११ वर त्या गेमला टीपीएम आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतं, तुमच्या बोर्डावर ते अडेल. १० वर सुरळीत आहे तोवर राहू द्या.

एफपीएस_भुक्कड
रविवार, दुपारी १.२०

काका, खोक्याच्या छपाईवरून नकली कार्ड ओळखणारे तुम्ही पहिले. पुढच्या वेळी मला पण न्या.

खिळेजुळारी
मंगळवार, रात्री ११.५०

ड्रायव्हर बसला. अक्षरं पूर्वीसारखी रेखीव झाली. पडताळणीला म्हणून २०१७ चं एक पावती पुस्तक उघडलं, त्यात 'वर्गणी'वरचा रफार चुकलेला सापडला. पाचशे पुस्तकं छापली होती त्याची. आजवर एकाही मंडळाने सांगितलं नाही.

विंडोजची नोंदणी केली. जुना एसएमपीएस भंगारवाल्याने साठ रुपयांना नेला, ते साठ एकशे तीसमधून वजा.

सेल लागला होता म्हणून काल चिरंजीवांनी जीटीए घेतला, आज संध्याकाळी उतरून झाला. मला खुर्चीवर बसवून दाखवत होता. कोपऱ्यात साठच्या आसपास आकडा फिरत होता, सेकंदाला किती चित्रं येतात त्याचा, तो चांगला असतो म्हणे. मी आपला रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या बघत होतो, कुठला टाइप वापरलाय म्हणून. म्हटलं जरा थांब, ती डावीकडची वाचू दे. त्याने सिग्नल तोडला, एक खांब पाडला आणि गाडी थेट समुद्रात घातली.